फ्लेअर एक्स५ डीडीआर५-६०००: पाकिटावर न छापलेल्या टायमिंग्जचे परीक्षण

जी.स्किल कंपनीचे फ्लेअर एक्स५ हे रॅम किट २०२२ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेबरोबर बाजारात आले आणि एएमडीच्या ‘एक्स्पो’ प्रोफाइलसाठीच (मेमरीचा वेग, व्होल्टेज आणि मुख्य टायमिंग्ज एकदम लावणारी सोय) ते मुद्दाम घडवलेले आहे. त्याचे अनेक प्रकार मिळतात. मी ज्याविषयी लिहीत आहे ते प्रत्येकी १६ जीबीच्या दोन स्टिकचे, वेग ६०००, टायमिंग (मेमरीच्या आतल्या कामांना लागणारा वेळ) ३०-३८-३८-९६ आणि व्होल्टेज १.३५ असलेले किट होय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० चिपसेटचा मध्यम किमतीचा मदरबोर्ड यांच्या जोडीने ते माझ्या रोजच्या वापरात आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: या किटचे मोल ‘६०००’ आणि ‘सीएल३०’ (टायमिंगमधला पहिला आकडा) या पाकिटावरच्या दोन आकड्यांत जेवढे आहे, त्याहून अधिक ते पाकिटावर न छापलेल्या टायमिंग्जमध्ये आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बसून त्या नीट लावण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनी हे किट जरूर घ्यावे. ज्यांची नाही त्यांनी काही पैसे वाचवून सीएल३६ चे किट घेतले तरी त्यांचे फारसे बिघडणार नाही.

दिसायला किट साधे आहे. काळपट रंगाचा ठेंगणा हीटस्प्रेडर, रंगीत दिवे नाहीत, उंची ३३ मिलिमीटर. मोठ्या एअर कूलरचा पंखा रॅमवर येतो तिथे ही कमी उंची फार उपयोगी पडते, कारण पंखा वर सरकवावा लागत नाही आणि कॅबिनेटची काचही नीट बसते. कंपनी मर्यादित आजीवन वॉरंटी देते. बाह्य रूपाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही आणि मला ते आवडले, कारण दिव्यांसाठी मोजलेले पैसे मेमरीला वेग देत नाहीत.

टायमिंग्जकडे वळण्यापूर्वी त्या नेमके काय मोजतात हे स्पष्ट असावे. रॅममधील माहिती ओळी आणि स्तंभ अशा मांडणीत, वेगवेगळ्या बँकांमध्ये साठवलेली असते. प्रोसेसरला हवी ती माहिती मिळण्यापूर्वी तिची ओळ आधी उघडावी लागते, उघडलेल्या ओळीतून हवा तो स्तंभ वाचावा लागतो, आणि त्याच बँकेतली दुसरी ओळ हवी असेल तर आधीची बंद करून मगच नवी उघडता येते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात बस्ता सोडणे, त्यातला कागद काढणे आणि बस्ता पुन्हा बांधून ठेवणे ही जशी तीन वेगळी कामे, तशीच ही तीन कामे होत. ओळ उघडण्याचा वेळ म्हणजे टीआरसीडी, स्तंभ वाचण्याचा म्हणजे सीएल आणि ओळ बंद करण्याचा म्हणजे टीआरपी. पाकिटावरचा चौथा आकडा टीआरएएसचा असतो. उघडलेली ओळ किमान किती काळ उघडी ठेवावी लागते, ते तो सांगतो.

हे सगळे आकडे नॅनोसेकंदांत नसून क्लॉकच्या ठोक्यांत असतात, आणि खरेदी करताना बहुतेकांची गल्लत होते ती इथेच. डीडीआरमध्ये एका ठोक्यात दोनदा माहितीची ने-आण होते; त्यामुळे ६००० च्या किटचा प्रत्यक्ष क्लॉक ३००० मेगाहर्ट्झ असतो आणि त्याचा एक ठोका नॅनोसेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा असतो. टायमिंगच्या आकड्याला २००० ने गुणून किटच्या वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात. सीएल३० आणि ६००० यांचे उत्तर बरोबर १० नॅनोसेकंद येते. जुन्या डीडीआर४-३२०० सीएल१६ किटचे उत्तरही १० नॅनोसेकंदच येते, म्हणून ‘सोळाचे तीस झाले, म्हणजे नवी मेमरी मंद आहे’ हा समज निराधार आहे. त्याच वेगाचे सीएल३६ किट १२ नॅनोसेकंदांवर थांबते. आणि बायोसमध्ये काहीच न बदलता हे फ्लेअर एक्स५ किट जसेच्या तसे चालवले, तर ते ४८०० वेगावर सीएल४० ने चालते, म्हणजे सुमारे १६.७ नॅनोसेकंद.

खरा फरक दिसतो तो एक ओळ बंद करून दुसरी उघडण्याची वेळ येते तेव्हा. त्या प्रसंगी टीआरपी, टीआरसीडी आणि सीएल असे तिन्ही वेळ एकापाठोपाठ मोजावे लागतात. एक्स्पो लावलेल्या अवस्थेत ते १०६ ठोके, म्हणजे सुमारे ३५ नॅनोसेकंद होतात. ४८०० वरच्या मूळ अवस्थेत १२० ठोके, म्हणजे तब्बल ५० नॅनोसेकंद. पैसे ६००० च्या किटचे मोजून संगणक वर्षानुवर्षे ४८०० वर चालवणारे लोक मी पाहिले आहेत, कारण जोडणी करून देणाऱ्याने बायोसमध्ये एक्स्पो सुरूच केलेले नसते. दुकानातून जोडून आणलेल्या संगणकात टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा वेग तपासणे हे पहिल्याच दिवशी करण्याचे काम आहे.

रायझन ५ ७६०० सारख्या प्रोसेसरवर वेगापेक्षा टायमिंग्ज अधिक महत्त्वाच्या का ठरतात, याला ठोस कारण आहे. या प्रोसेसरमध्ये गणन करणारा एकच चिपलेट (छोटी स्वतंत्र चिप) आहे आणि तो मेमरी कंट्रोलरशी, म्हणजे मेमरीशी व्यवहार सांभाळणाऱ्या भागाशी, इन्फिनिटी फॅब्रिक या अंतर्गत दुव्याने जोडलेला असतो. हा दुवा सहसा २००० मेगाहर्ट्झवर चालतो आणि वाचताना प्रत्येक ठोक्याला ३२ बाइट आणतो; म्हणजे सेकंदाला ६४ जीबी ही वाचनाची कमाल मर्यादा झाली. दोन चॅनेलमध्ये लावलेली ६००० ची मेमरी मात्र कागदावर ९६ जीबी देऊ शकते. मेमरीकडे द्यायला आहे त्यातले बरेचसे प्रोसेसर घेऊच शकत नाही. मग ६४०० चे महागडे किट घेऊन वाचनाच्या वेगात पडणारी भर नगण्य असते, आणि शिवाय ६४०० वर मेमरी कंट्रोलर मेमरीच्या बरोबरीच्या क्लॉकवर टिकेलच याची खात्री नसते; तो निम्म्या क्लॉकवर गेला की लेटन्सी (मागितलेली माहिती हाती येईपर्यंतचा विलंब) उलट वाढते. रायझन ७००० साठी ६००० हा सर्वांत योग्य वेग असल्याचे एएमडीने २०२२ मध्येच सांगितले होते आणि त्यात तथ्य आहे. माहिती वाहून आणण्याची क्षमता वाढवणे हाती नसताना कमी करण्याजोगी राहते ती लेटन्सी.

आता या परीक्षणाचा गाभा. एक्स्पो सुरू केल्यावर वेग, व्होल्टेज आणि प्राथमिक टायमिंग्ज बरोबर लागतात, पण झेनटायमिंग्ज हे छोटे मोफत साधन उघडून पाहिले की उरलेल्या अनेक टायमिंग्ज किती सैल सोडलेल्या आहेत ते ध्यानात येते. त्यातल्या दोन नोंदींवर नजर खिळून राहते: टीआरईएफआय सुमारे ११७०० आणि टीआरएफसी सुमारे ८८५. या दोन आकड्यांत जेवढी कामगिरी दडलेली आहे, तेवढी बाकीच्या सगळ्या टायमिंग्ज मिळूनही क्वचितच देतात.

डीरॅमचा (रॅममधल्या मेमरी चिपचा) प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकून असतो. हा भार सतत गळत असतो, म्हणून ठरावीक काळाने सर्व ओळी टप्प्याटप्प्याने वाचून पुन्हा भराव्या लागतात. यालाच रिफ्रेश म्हणतात. दोन रिफ्रेशमधले अंतर म्हणजे टीआरईएफआय आणि एका रिफ्रेशला लागणारा वेळ म्हणजे टीआरएफसी. डीडीआर५ च्या मानकानुसार हे अंतर ३.९ मायक्रोसेकंद असते आणि १६ गिगाबिटच्या चिपला एका रिफ्रेशसाठी २९५ नॅनोसेकंद दिलेले असतात. ६००० वेगावर त्याचेच ११७०० आणि ८८५ ठोके होतात. या ८८५ ठोक्यांच्या काळात प्रोसेसरने काहीही मागितले तरी त्याला ताटकळत राहावे लागते. एकाला दुसऱ्याने भागले तर मेमरीचा सुमारे साडेसात टक्के वेळ रिफ्रेशमध्येच जातो असे दिसते, आणि हा खर्च कुठल्याही पाकिटावर छापलेला नसतो.

मानकातले हे आकडे सर्व उत्पादकांच्या चिपना, ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात झेपावेत अशा बेताने ठरवलेले आहेत. माझ्या किटमध्ये एसके हायनिक्सच्या चिप आहेत, हे सीपीयू-झेड या साधनाच्या एसपीडी (स्टिकवर साठवलेली माहिती) विभागात दिसते. ६००० वर सीएल३० आणि तेही १.३५ व्होल्टवर, हे गणित बहुतेक वेळा हायनिक्सच्याच चिपवर जमते. या चिप २९५ ऐवजी १६० ते १७० नॅनोसेकंदांत रिफ्रेश पुरा करतात, तर सॅमसंग आणि मायक्रॉनच्या त्याच पिढीतल्या १६ गिगाबिटच्या चिपना सहसा याहून बराच अधिक वेळ लागतो. मी टीआरएफसी ५०० ठेवले, म्हणजे सुमारे १६७ नॅनोसेकंद. टीआरईएफआय ५०००० केले तर रिफ्रेशचा वाटा साडेसात टक्क्यांवरून बरोबर एक टक्क्यावर येतो. मदरबोर्ड ६५५३५ पर्यंत जाऊ देतो, पण तिथे आणखी मिळते ते पाव टक्क्याहून कमी.

याच ठिकाणी हवामानाचा प्रश्न येतो, आणि परदेशातली परीक्षणे वाचून आकडे जसेच्या तसे उचलणाऱ्या आपल्याकडच्या वाचकांनी इथे थांबून विचार करावा. तापमान वाढते तशी कपॅसिटरमधली गळती वाढते, त्यामुळे रिफ्रेशमधले अंतर जितके लांबवावे तितकी मेमरी उष्णतेला अधिक हळवी होते. युरोपातल्या थंड खोलीत ६५५३५ वर निर्धास्त चालणारे किट नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश आणि बंद कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाचा तप्त झोत अशा अवस्थेत चुका करू लागले, तर त्यात किटचा दोष नसतो. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर तापमापक असतो आणि एचडब्ल्यूइन्फो या साधनात त्याचे वाचन दिसते, ही मोठीच सोय आहे. स्टिक पन्नास-पंचावन्न अंशांच्या आत राहत असेल तर ५०००० ला हरकत नाही. त्यापुढे जात असेल तर ३२००० च्या आसपास उतरावे. टीआरएफसी ५०० असताना ३२००० वर रिफ्रेशचा वाटा दीड टक्के होतो. म्हणजे साडेसातातले सहा टक्के तिथेच वाचतात आणि उरलेल्या अर्ध्या टक्क्यासाठी उन्हाळाभर धास्ती बाळगण्याचे कारण राहत नाही. माझ्या संगणकात बारा महिने ३२००० हाच आकडा ठेवलेला आहे.

बाकीच्या टायमिंग्जविषयी थोडक्यात. एकापाठोपाठ दोन ओळी उघडण्यातले किमान अंतर, टीआरआरडीएस, ८ वर आणावे आणि तिथेच थांबावे, कारण डीडीआर५ मध्ये माहितीचा एक हप्ता सोळा तुकड्यांचा असतो आणि तो पाठवायला आठ ठोके लागतातच. त्याहून वेगाने ओळी उघडून हाती काही येत नाही. चार ओळी उघडण्याची खिडकी असलेले टीएफएडब्ल्यू त्याच हिशेबाने ३२ पुरे. टीआरएएस ९६ वरून खाली आणल्यास नुकसान नाही, पण एकट्या त्याचा परिणाम जाणवत नाही. सीएल ३० वरून २८ करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि मिळतो तो नॅनोसेकंदाचा दोन तृतीयांश भाग. रिफ्रेशमधून मिळणारा लाभ फुकटात पडत असताना या दोन ठोक्यांपायी मेमरी तापवणे मला पटत नाही. म्हणून सीएल, टीआरसीडी आणि टीआरपी मी पाकिटावर आहेत तसेच राहू दिले आहेत.

व्होल्टेजबाबत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. एक्स्पो सुरू करताच मदरबोर्ड मेमरीच्या व्होल्टेजबरोबर प्रोसेसरचे एसओसी (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचे) व्होल्टेजही वाढवतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० मालिकेतले काही एक्स३डी (कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली जलद मेमरी, जास्त असलेले) प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर एएमडीने बायोसच्या अद्ययावत आवृत्तीमार्फत या व्होल्टेजवर १.३० ची मर्यादा घातली. त्या काळातला मदरबोर्ड जुन्या बायोसवर चालत असेल तर टायमिंग्जना हात लावण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे. ६००० वेगासाठी १.२० ते १.२५ बहुधा पुरेसे होते. ते हाताने लिहून ठेवावे, ‘ऑटो’वर सोडू नये.

बदल केल्यानंतर संगणक पहिल्यांदा सुरू होताना पडदा बराच वेळ काळा राहतो. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे मदरबोर्डचे मेमरीशी जुळवून घेणे, चालू असते. कधीकधी त्याला काही मिनिटेही लागतात आणि या काळात घाबरून वीज बंद करू नये. प्रत्येक वेळी इतका वेळ थांबायचे नसेल तर बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर सुरू करता येते, मात्र टायमिंग्ज पक्क्या होईपर्यंत ते बंदच ठेवणे चांगले, नाहीतर आधीच्या ट्रेनिंगचे आकडे वापरले जातात आणि चूक नव्या टायमिंगची की जुन्या ट्रेनिंगची ते कळत नाही. एखादा आकडा अतिच घट्ट झाला आणि संगणक सुरूच झाला नाही, तर सीमॉस (बायोसच्या सेटिंग्जची साठवण) साफ केले की सगळे मूळ पदावर येते. आकडे त्याआधी कागदावर किंवा मोबाइलच्या फोटोत टिपून ठेवलेले असावेत.

स्थैर्याची तपासणी हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत आवश्यक भाग आहे. विंडोज सुरू झाले, गेम चालला, म्हणजे मेमरी स्थिर आहे असे मुळीच नाही. मेमरीतला एखादा चुकीचा बिट महिनाभर गप्प राहतो आणि मग एखाद्या दिवशी संकुचित फाइल उघडत नाही किंवा वर्षांपूर्वीच्या फोटोचा खालचा अर्धा भाग करडा दिसतो. डीडीआर५ मध्ये चिपच्या आतल्या आत दुरुस्ती करणारी व्यवस्था असते, तिच्यावर विसंबून ‘आता चुका होणारच नाहीत’ असे मानणे धोक्याचे आहे. ती चिपच्या आतील बिट सावरते, पण चिप आणि प्रोसेसर यांच्यातल्या प्रवासात झालेली चूक तिला दिसत नाही. म्हणून आधी यूएसबीवरून मेमटेस्ट८६, मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी रात्रभर चालवावे. त्यातही एक महत्त्वाची जोड हवी: मेमरीच्या चाचणीबरोबर ग्राफिक्स कार्डावरही भार टाकावा. नुसत्या मेमरी चाचणीत कॅबिनेट तुलनेने थंड राहते. ग्राफिक्स कार्ड तापल्यावर स्टिकचे तापमान आणखी वर चढते आणि लांबवलेल्या टीआरईएफआयची खरी परीक्षा तिथे होते. चाचणी भर दुपारी, खिडक्या बंद ठेवून करावी. एकसुद्धा चूक दिसली तर ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नये. टीआरईएफआय किंवा टीआरएफसी एक पायरी सैल करावे आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी.

एवढे करून मिळते काय? एआयडीए६४ या मोजमापाच्या साधनात अशा प्रोसेसरवर एक्स्पोच्या मूळ अवस्थेत लेटन्सी साधारण सत्तर नॅनोसेकंदांच्या आसपास दिसते; टायमिंग्ज लावल्यावर ती साठीच्या पहिल्या निम्म्यात येते. प्रत्यक्ष कामांत मात्र परिणाम सरसकट सारखा नाही. सिनेबेंच या प्रोसेसर चाचणीसारखे काम प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावते, त्याला टायमिंग्जचे सोयरसुतक नसते. सेव्हन-झिपमध्ये मोठ्या शब्दकोशाने (डिक्शनरी साइज) फाइली संकुचित करताना मेमरीत इकडेतिकडे सारखे पाहावे लागते, तिथे फरक स्पष्ट दिसतो. गेममध्ये सरासरी फ्रेमदर थोडाच वाढतो. जाणवते ते किमान फ्रेमदरात, गर्दीच्या दृश्यात पडदा क्षणभर अडखळण्याचे प्रमाण कमी होते त्यात, आणि तेही ग्राफिक्स कार्डच कमी पडत नसेल तर. ४के पडद्यावर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असताना या साऱ्या मेहनतीचे फळ शोधूनही सापडणार नाही.

प्रोसेसरनुसारही सल्ला बदलतो. रायझन ५ ७६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ती ९६ एमबी आहे. एवढी मोठी कॅश असली की प्रोसेसर मेमरीकडे जातोच कमी वेळा, त्यामुळे टायमिंग्जचा लाभही त्या प्रमाणात आटतो. एक्स३डी प्रोसेसर घेणाऱ्याने सीएल३० साठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा सीएल३६ घेऊन त्याच्याच रिफ्रेशच्या टायमिंग्ज सुधाराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे; अर्थात त्या किटमध्ये हायनिक्सच्या चिप असतीलच याची हमी नसते, आणि चिप कोणत्या आहेत हे पाकिटावर छापण्याची पद्धत या व्यवसायात नाही. सध्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढलेले असताना तर ज्यांच्याकडे डीडीआर५ चे चांगले किट आधीपासून आहे त्यांनी नव्या किटचा विचार करण्यापूर्वी आहे त्याच किटचे टीआरईएफआय आणि टीआरएफसी उघडून पाहावे.

क्षमता वाढवायची असेल तर आणखी एक असेच किट आणून चारही खाचा भरण्याच्या फंदात पडू नये. चार स्टिक लावल्यावर रायझन ७००० साठी एएमडीने अधिकृतपणे दिलेला वेग ३६०० पर्यंत खाली येतो, दोन स्टिकसाठी तोच ५२०० आहे. त्याहून वर जे चालेल ते त्या-त्या प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर अवलंबून असते आणि इथे सांगितलेल्या टायमिंग्ज चार स्टिकवर तशाच टिकण्याची अपेक्षा धरता येत नाही. पुढेमागे ६४ जीबी लागणार असे आजच दिसत असेल, तर प्रत्येकी ३२ जीबीच्या दोन स्टिकचे किट सुरुवातीलाच घ्यावे.